टोमॅटोची कापलेली मुळं दुसऱ्या सबकल्चरला थांबतात. बी-१ कमी पडतंय का? (आणि हळदीच्या आळवणीचा एक प्रश्न)

मूळटोक_कराड

नमस्कार. मी कराडला एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव वाळवा तालुक्यात, घरी ऊस आणि हळद. माझा प्रोजेक्ट आहे टोमॅटोची मुळं झाडाशिवाय, नुसती मुळंच, फ्लास्कमध्ये वाढवायची आणि त्यांना कोणती जीवनसत्त्वं बाहेरून द्यावी लागतात ते पाहायचं. विषय मी स्वतः मागून घेतलाय आणि मला तो मनापासून आवडतो. पान नाही, खोड नाही, माती नाही, आणि तरी एक पांढरं मूळ पाण्यात आठवड्याभरात फाटे फोडतं, हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी लॅब बंद होईपर्यंत तिथंच बसून होते.

आता अडचण. संकरित टोमॅटोचं बी दुकानातून आणलेलं. ब्लीचनं निर्जंतुक करून ओल्या फिल्टर पेपरवर अंधारात उगवते. मूळ दोन-तीन सेंटिमीटर झालं की टोकाचा 1 सेंटिमीटर तुकडा कापून 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिली द्रव मीडियमात, म्हणजे पोषक द्रावणात, सोडते. क्षार व्हाइट या शास्त्रज्ञाच्या कृतीचे, साखर 2 टक्के. जीवनसत्त्वं लिटरला अशी: थायमिन (बी-१) 0.1 मिलिग्रॅम, पायरिडॉक्सिन (बी-६) 0.1, निकोटिनिक आम्ल 0.5, शिवाय ग्लायसिन 3. लोह म्हणून फेरिक सल्फेट, जुन्या कृतीतलंच. पीएच 5.8 ला आणते आणि सगळं एकत्र ऑटोक्लेव्ह करते, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक. जीवनसत्त्वांचा स्टॉक, म्हणजे आधी करून ठेवलेलं दाट द्रावण, विभागातला आहे, कपाटात असतो, बाटली पांढऱ्या काचेची.

पहिला आठवडा सुंदर जातो. लांब मूळ, बाजूची मुळं, टोक पांढरंशुभ्र. त्यातलं नवं टोक कापून ताज्या मीडियमात टाकलं, म्हणजे सबकल्चर केली, की वाढ निम्म्यावर येते. तिसऱ्या सबकल्चरला टोक पिवळसर तपकिरी होतं, मूळ बारीक राहतं आणि फाटे फुटतच नाहीत. मला आधी वाटलं थायमिन मेलं असेल. पण मग एक गोष्ट जुळत नाही. तुलनेसाठी काही फ्लास्क मी जीवनसत्त्वांशिवाय लावले होते. त्यातले बाकीचे थांबले, पण एकातलं मूळ सगळ्यांपेक्षा जास्त वाढलंय, तिसऱ्या सबकल्चरलाही. जीवनसत्त्व नाही त्यातच सगळ्यात चांगली वाढ, ह्याचा अर्थ काय लावायचा?

विभागात सल्ला मिळाला की एम.एस. (मुराशिगे-स्कूग) मीडियम घे आणि पुढं जा, त्यात सगळंच असतं. मला तसं करायचं नाही. सगळंच घातलं तर मुळाला काय हवं होतं ते कळणार कसं?

दुसरा प्रश्न घरचा. पप्पांनी हळदीला आळवणी करायला, म्हणजे मुळाशी ओतायला, एक बाटली आणलीय. दुकानदार म्हणाला, यात व्हिटॅमिन बी-१ आहे, पांढरी मुळी जोरात सुटते. पप्पांनी मला विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये मुळांना हेच घालता ना?" घालतो तर खरं. मग हळदीला का नको, हे मला त्यांना नीट सांगता आलं पाहिजे. किंवा हवं असेल तर तेही.

---

हळदीचं_रान

ताई, लॅबचं मला काही कळत नाही, पण बाटलीचं सांगतो. आमचं रान मिरज तालुक्यात, सेलम हळद, गादीवाफ्यावर, ड्रिपवर. असलं बी-१ वालं टॉनिक मी अर्ध्या वाफ्यांना दिलं होतं, अर्ध्यांना नाही. मधे काठ्या रोवून खूण केली होती. काढणीला दोन्हीकडचे गड्डे सारखेच. पानांच्या रंगातही फरक नव्हता. पप्पांना सांगा, आधी वाफ्यातलं पाणी बाहेर कसं जातं ते बघा. श्रावणात पाणी तुंबलं आणि कंदकूज लागली की कुठल्याच बाटलीनं कंद परत येत नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. तासगावकडचे माझे एक पाहुणे डॉगरिजच्या काड्या लावतात, द्राक्षाच्या खुंटासाठी. ते म्हणतात, बी-१ च्या औषधात काड्या बुडवल्या की मुळ्या हमखास येतात. माणूस खोटं बोलणारा नाही. मग काडीला लागू पडतं आणि हळदीला नाही, असं कसं?

अजून एक. मायकोरायझाच्या पुड्या मिळतात, त्यावर एकानं सांगितलं की ही बुरशी लॅबमध्ये गाजराच्या मुळांवर वाढवलेली असते. हे खरं आहे का? गाजराचा आणि माझ्या हळदीचा काय संबंध?

---

काकू_विश्रामबाग

पोरी, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी टिश्यू कल्चर लॅबमध्ये गेली, बहुतेक केळी आणि थोडा ऊस. मीडियम बनवणं हेच माझं काम. सगळंच घालून पुढं न जाण्याचा तुझा हट्ट बरोबर आहे. तो सोडू नकोस.

आधी पप्पांचा प्रश्न, कारण त्याच उत्तरातून तुझ्या फ्लास्कचं उत्तर निघतं.

थायमिन म्हणजे बी-१ झाडाला लागतंच, प्रत्येक पेशीला लागतं. पण आपल्यासारखं ते झाडाला खावं लागत नाही, झाड स्वतः बनवतं. कुठं बनवतं हे महत्त्वाचं. मुख्यतः हिरव्या पानात. तिथून ते सालीतल्या वाहिन्यांमधून साखरेबरोबर खाली मुळाकडं जातं. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स बॉनर यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला टोमॅटोच्या झाडावर हे दाखवलं: खोडाला गोल चटका देऊन साल मारली की थायमिन त्या कड्याच्या वर साचत जातं, खाली जात नाही. साताऱ्याच्या डोंगरातल्या घरांना जशी मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर यायची, तसं मुळाचं आहे. मूळ कष्ट करतं, पाणी आणि क्षार वर पाठवतं, पण थायमिनसाठी ते पानावर अवलंबून. तू ते मूळ कापलंस म्हणजे तो पुरवठा तोडलास. म्हणून फ्लास्कमध्ये ते आपण घालायचं.

हळदीला मात्र हातभर लांब हिरवी पानं आहेत. तिचा पुरवठा चालू आहे. शिवाय जमिनीतले जिवाणू थायमिन बनवतात, आणि बाटलीतून ओतलेलं थायमिन तेच जिवाणू खाऊनही टाकतात. म्हणून हळदीचं रान यांच्या काठ्यांच्या दोन्ही बाजूंना फरक दिसला नाही. हा प्रयोग त्यांनी फार चांगला केला, खूण करून अर्धं-अर्धं. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. 1937 मध्ये कापलेल्या मुळांना बी-१ लागतं हे कळलं, आणि दोन-तीन वर्षांत तिथल्या मासिकांतून बातम्या सुटल्या की बी-१ घाला आणि फुलं दुप्पट करा. बॉनर यांच्या स्वतःच्या सुरुवातीच्या प्रयोगांत काही झाडांना फायदा दिसला होता, म्हणून लोकांचा विश्वास बसला. नंतर ठिकठिकाणी चाचण्या झाल्या, अख्ख्या झाडांना फायदा सापडेना, आणि बॉनर यांनीही तो दावा मागं घेतला. बाटल्या मात्र आजही विकल्या जातात.

तासगावच्या पाहुण्यांचं म्हणणं मी खोटं धरत नाही. त्यांच्या बाटलीवरचे घटक वाचा. बी-१ च्या शेजारी बहुतेक एन.ए.ए. किंवा आय.बी.ए. लिहिलेलं सापडेल. ही ऑक्सिन आहेत, संप्रेरकं. काडीला मुळ्या फुटतात त्या त्यांच्यामुळं. नाव बी-१ चं होतं, काम ऑक्सिन करतं. आणि तेच औषध उभ्या हळदीला जास्त पडलं तर मुळं वाढायची सोडून आखडतात. पोरी, पप्पांनी ओतायच्या आधी लेबल मोठ्यानं वाचून दाखव.

आता तुझे फ्लास्क.

पहिल्या आठवड्यात मूळ छान वाढलं ते तुझ्या मीडियमामुळं असं धरू नकोस. बियाण्यानं त्या टोकात आधीच थायमिन, लोह, सगळं थोडं थोडं भरून दिलेलं असतं. ते पहिल्या सबकल्चरला पुरतं. दुसऱ्यात पातळ होतं, तिसऱ्यात संपतं. म्हणून मीडियमची खरी परीक्षा तिसऱ्या सबकल्चरच्या आधी होतच नाही. पहिल्या आठवड्याची मापं वहीत ठेव, पण त्यावरून निष्कर्ष काढू नकोस.

स्टॉकची बाटली आजच बाजूला कर. थायमिन हायड्रोक्लोराइडचं नुसत्या पाण्यातलं द्रावण आम्लधर्मी असतं आणि थंडीत टिकतं, पण उन्हाळाभर कपाटात, पांढऱ्या काचेत उजेड खात राहिलेल्या बाटलीचा भरवसा नाही. नवा स्टॉक कर: 10 मिलिग्रॅम थायमिन 100 मिली ऊर्धपातित पाण्यात. त्यातला 1 मिली एका लिटरला घातलास की 0.1 मिलिग्रॅम झालं. स्टॉक 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ, लहान नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेव आणि मीडियम ऑटोक्लेव्हमधून निघून हाताला सोसेल इतकं गार झालं की लॅमिनारखाली, गाळलेल्या हवेच्या झोतात, घाल. किती कमी लागतं ते लक्षात येण्यासाठी सांगते: औषधाच्या दुकानातल्या बी-१ च्या 100 मिलिग्रॅमच्या एका गोळीत जेवढं थायमिन असतं, तेवढ्यात असं 1000 लिटर मीडियम होईल.

आणि तो जो एक फ्लास्क फार वाढलाय, जीवनसत्त्वाशिवाय, तो खिडकीपाशी उजेडाकडं धरून हलव. मूळ बघू नकोस, पाणी बघ. किंचित गढूळ, रेशमी लाट उठल्यासारखं दिसलं तर आत जिवाणू आहेत. ब्लीचनं बी वरून धुतलं जातं, आत दडलेला जिवाणू वाचतो. सगळेच काही मूळ मारत नाहीत. काही गुपचूप राहतात, स्वतःसाठी थायमिन बनवतात आणि थोडं बाहेर सोडतात. तुझ्या मुळाला तिथून मिळालं असेल. एक थेंब न्यूट्रिएंट अगारच्या प्लेटवर पसरून दोन दिवस ठेव. फ्लास्क फेकून मात्र देऊ नकोस. त्यातून तुला जमिनीत काय घडतं तेच दिसतंय.

हळदीचं रान, मायकोरायझाचं तुमच्या कानावर आलेलं बरोबर आहे. ती बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणून गाजराच्या तुकड्यावर एका विशिष्ट जिवाणूचा संसर्ग घडवून केसाळ मुळं मिळवतात. ती संप्रेरकाशिवाय प्लेटवर वर्षानुवर्षं वाढतात, आणि त्यांच्यावर बुरशी चढवतात. दिल्लीच्या टेरी संस्थेनं आपल्याकडं यावर बरंच काम केलं आहे. सगळ्या कंपन्यांची पुडी तशीच तयार होते असं नाही, काही कुंडीतल्या पिकाच्या मुळांवर वाढवतात. त्या गाजराच्या मुळाच्या मीडियमात थायमिन, पायरिडॉक्सिन, निकोटिनिक आम्ल पडतं, जवळपास या पोरीच्याच मापानं. बी-१ ची जागा तिथं, प्लेटमध्ये आहे. तुमच्या वाफ्यात फक्त बुरशी यायची.

---

वाईचा_मास्तर

काकूंनी जे लिहिलं त्यातलं जवळपास सगळं मान्य. एका ठिकाणी मला भर घालायची आहे, कारण तिथं निदान चुकण्याचा संभव आहे. मी निवृत्त शिक्षक, जीवरसायन शिकवत असे.

थायमिनचा रेणू दोन तुकड्यांचा असतो, एक पिरिमिडीन आणि एक थायाझोल, मधे एकच कार्बनचा सांधा. उष्णतेनं तुटतो तो बहुधा याच सांध्यावर. पण रॉबिन्स आणि बार्टली या अमेरिकन संशोधकांनी 1937 मध्येच दाखवलं की टोमॅटोच्या कापलेल्या मुळाला नुसतं थायाझोल दिलं तरी चालतं. पिरिमिडीन ते स्वतः बनवतं आणि जोडून घेतं. वाटाण्याच्या मुळाला दोन्ही तुकडे द्यावे लागतात, जोडण्याचं काम तेही करतं. म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये थोडं थायमिन तुटलं तर वाटाणा आणि टोमॅटो दोघंही ते पुन्हा सांधून वापरतील. शिवाय 5.8 पीएचला एका ऑटोक्लेव्हनं सगळंच थायमिन जात नाही. म्हणून या मुलीच्या फ्लास्कमध्ये नुसत्या थायमिनवर संशय घेऊन भागणार नाही.

माझा संशय लोहावर आहे. व्हाइटच्या जुन्या कृतीत फेरिक सल्फेट आहे आणि ते 5 च्या आसपासच्या पीएचला वापरायचं असतं. 5.8 ला फेरिक लोह फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड होऊन तळाला बसतं. त्यातच मूळ नायट्रेट खातं तसा पीएच आणखी चढतो. बियाण्याचं लोह पहिल्या सबकल्चरला पुरतं, पुढं टोकातल्या पेशींचं विभाजन मंदावतं. थायमिनची उणीव आणि लोहाची उणीव, दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या सबकल्चरलाच दिसतात, आणि डोळ्यांनी त्यांच्यातला फरक ओळखणं कठीण. ब्रिटनमध्ये स्ट्रीट यांच्या गटानं टोमॅटोच्या मुळांवर पुढं जे काम केलं त्यात हा लोहाचा प्रश्न ई.डी.टी.ए. वापरून सोडवला. ई.डी.टी.ए. लोहाला विरघळलेलं ठेवतं. आता तो गढूळ फ्लास्क पुन्हा पाहा. बरेच जिवाणू लोह पकडून विरघळवणारे रेणूही सोडतात. तिथं मुळाला दोन्ही गोष्टी मिळाल्या असतील.

थोडा इतिहास, कारण तुम्ही ज्या वाटेनं चालला आहात ती कुणी पाडली हे माहीत असावं. 1922 मध्ये जर्मनीत कोट्टे आणि अमेरिकेत रॉबिन्स यांनी वेगवेगळे मुळांची टोकं कापून वाढवली. काही आठवड्यांनी ती थांबायची, तुमच्यासारखीच. 1934 मध्ये फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोची मुळं न थांबता वाढवून दाखवली, पण मीडियमात यीस्टचा अर्क होता. त्या अर्कात नेमकं काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं. 1936 मध्ये विल्यम्स यांनी थायमिनची रचना उलगडून ते कारखान्यात बनवता येण्याजोगं केलं. शुद्ध स्फटिक बाटलीत मिळू लागले आणि लगेच पुढच्या वर्षी व्हाइट, रॉबिन्स आणि बॉनर, तिघांनीही आपापल्या प्रयोगशाळेत यीस्टच्या जागी थायमिन घालून मुळं वाढवली. जे तुम्ही आज 0.1 मिलिग्रॅम म्हणून तोलता, त्याच्यासाठी ही माणसं पंधरा वर्षं थांबली होती.

पान हे काम स्वतःकडं का ठेवतं, याचंही एक कारण सांगण्यासारखं आहे. दोन्ही तुकडे हरितलवकात बनतात. थायाझोल बनवणारं जे प्रथिन आहे ते त्यातला गंधक स्वतःच्या अंगातून काढून देतं आणि त्यानंतर निकामी होतं. एका रेणूमागं एक अख्खं प्रथिन खर्ची पडतं. यीस्टमध्ये हे 2011 मध्ये सिद्ध झालं आणि वनस्पतीतलं प्रथिन त्याच घराण्यातलं आहे. पेशीत थायमिन पुरेसं झालं की तेच थायमिन पिरिमिडीनच्या जनुकाच्या संदेशाला चिकटून उत्पादन थांबवतं. इतकी खर्चिक वस्तू वनस्पती मोजूनच बनवते.

थायमिन नसलं की टोकच आधी का जातं? मुळाचं टोक सतत विभागत असतं, साखर जाळून ऊर्जा लागते. साखरेपासून निघालेल्या पायरुवेटला श्वसनाच्या चक्रात घालणारं विकर थायमिन पायरोफॉस्फेटशिवाय, म्हणजे थायमिनच्या पेशीतल्या कामाच्या रूपाशिवाय, चालत नाही. चक्रातलं अल्फा-कीटोग्लुटारेटचं विकरही नाही. 2 टक्के साखरेत बुडालेलं असूनही मूळ उपाशी राहतं ते यामुळं.

---

मूळटोक_कराड

काकू, सर, दादा, तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. उत्तराला वेळ लागला कारण मला मुळांची तिसरी सबकल्चर होईपर्यंत थांबायचं होतं.

तो फ्लास्क खिडकीत धरला. गढूळच होता, अगदी थोडा. कोणी दाखवलं नसतं तर मला दिसला नसता. अगार प्लेटवर चिकट, फिकट पिवळ्या वसाहती आल्या. फ्लास्क जपून ठेवलाय.

लोह बदललं. ई.डी.टी.ए. आणि फेरस सल्फेट, पीएच 5.0. थायमिन नवं, गाळलेलं, नंतर घातलेलं. चार प्रकारचे फ्लास्क लावले: जुनं लोह आणि नवं थायमिन, नवं लोह आणि थायमिन नाही, दोन्ही नवं, आणि ना नवं लोह ना थायमिन. बाकी सगळं सारखं. तिसऱ्या सबकल्चरला फक्त "दोन्ही नवं" मधली मुळं पांढरी आहेत आणि फाटे फोडतायत. जुन्या लोहातली, थायमिन चांगलं असूनही, थांबली. सरांचं बरोबर निघालं. पण नवं लोह देऊन थायमिन नाही दिलं तीही थांबली, आणि मला हेच तर दाखवायचं होतं! आधी लोहाची उणीव थायमिनच्या उणिवेवर झाकण घालून बसली होती. दोन्हीकडं वाढ नसेल तर थायमिनचा परिणाम दिसणार कुठून.

घरी बाटलीचं लेबल वाचलं. बी-१ च्या खाली एन.ए.ए. होतं, बारीक अक्षरात. पप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग त्यांना पान, साल आणि मूळ असं वहीत काढून दाखवलं. त्यांनी विचारलं, मग पान खराब झालं तर मूळही जाणार ना? मी हो म्हटलं. आता ते करप्याच्या फवारणीचं आधी बघणार आहेत, आणि रानाच्या खालच्या अंगाला पाण्याचा चर खोल करून घेतायत. बाटली दुकानदारानं परत घेतली.

आता पुढं काय करू? पायरिडॉक्सिन आणि निकोटिनिक आम्ल एकेक करून काढून बघायचंय. माझ्याकडं वेळ मर्यादित आहे, जूनमध्ये प्रोजेक्ट द्यायचाय.

---

काकू_विश्रामबाग

शाब्बास पोरी. आणि मास्तर, लोहाबद्दल तुमचे आभार, केळीच्या मीडियमात लोह कायम ई.डी.टी.ए. मधूनच जायचं, त्यामुळं माझं तिकडं लक्ष गेलं नाही.

ई.डी.टी.ए. किती घातलंस ते लिहिलं नाहीस. एम.एस. च्या कृतीतलं पूर्ण माप, म्हणजे लिटरला फेरस सल्फेट 27.8 आणि डायसोडियम ई.डी.टी.ए. 37.3 मिलिग्रॅम, घातलं असशील तर ते मुळांसाठी जास्त आहे. व्हाइटच्या कृतीत जेवढं लोह आहे तेवढ्याला त्याचा आठवा हिस्सा पुरतो. पुढच्या फेरीत तेवढंच ठेव.

एकेक काढण्याआधी बी बदल. दुकानातलं संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांची पोरं, एका वाणाची उणीव दुसऱ्यामुळं झाकली जाऊ शकते.

---

वाईचा_मास्तर

काकूंनी बियाण्याचं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे, त्यात एक गोष्ट जोडतो. वेगवेगळ्या पिकांच्या मुळांची गरज वेगळी असते हे बॉनर यांच्या गटानं दाखवलं: जवसाला एकटं थायमिन पुरतं, वाटाणा आणि मुळ्याला थायमिनबरोबर निकोटिनिक आम्ल लागतं. टोमॅटोत तर वाणागणिक फरक पडतो. रॉबिन्स यांनी 1941 मध्ये टोमॅटोचे दोन वाण आणि त्यांचा संकर घेतला. एका वाणाच्या मुळाला पायरिडॉक्सिनचा जास्त फायदा झाला, दुसऱ्याला निकोटिनामाइडचा, आणि संकराचं मूळ दोन्ही आईबापांपेक्षा चांगलं वाढलं. म्हणजे एकाच्या अंगात जे बनवण्याची ताकद कमी ती दुसऱ्याकडून आली. तुमच्या संकरित बियाण्यात पायरिडॉक्सिन काढून फरक दिसला नाही तर "टोमॅटोला बी-६ लागत नाही" असं लिहू नका. "या संकरित वाणाला लागत नाही" एवढंच लिहा.

गावाकडं कुणाकडं जुना, घरचं बी धरलेला टोमॅटो असेल तर तोही शेजारी लावा. जूनपर्यंत वेळ कमी आहे, म्हणून सगळे मेळ लावू नका. दोन्ही बियाण्यांना तीनच प्रकारचे फ्लास्क: नुसतं थायमिन, थायमिन आणि पायरिडॉक्सिन, थायमिन आणि निकोटिनिक आम्ल. ग्लायसिन सगळ्यांतून काढा. आणि प्रत्येक सबकल्चरला प्रत्येक फ्लास्कमधला एक थेंब प्लेटवर. गढूळ झालेला फ्लास्क मोजणीतून बाहेर, पण वहीत त्याची नोंद हवी.

---

हळदीचं_रान

ताई, जुना टोमॅटो आमच्या आईच्या परसात आहे. चपटा, आंबट, आमटीला लागतो तो. बी ती दरवर्षी राखेत सुकवून ठेवते. पाकीट करून कराडच्या एसटीनं पाठवतो. स्टँडवर कुणाकडून घ्यायचं तेवढं मेसेजमध्ये कळवा.